सलाईनवाला मिस्त्री

माझ्या गाडीला पयल्यांदा सलाईन लावली तवा म्या शेजारी दगडावर बसून व्हतो, पेशंटाचा नातेवाईक बसतो तसा. तोंड बारीक करून. येणारा-जाणारा इचारायचा, "कसं हाय आता?" म्या म्हणायचो, "शुद्धीवर हाय, पर बोलत न्हाय."

थट्टा न्हाय ही. भूमला बाजारतळाच्या मागं एका लिंबाखाली आमच्या मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज व्हतं. त्या लिंबाला खिळे ठोकलेले आन् खिळ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या. बाटलीत डिझेल. बाटलीची नळी निघायची ती थेट बॉनेटात. गाडीची टाकी, टाकीचा पाईप सगळं सोडून द्यायचं आन् इंजनाला बाटलीवर जगवून बघायचं. बाटलीवर नीट चालली तर इंजन चांगलं, खोट मागं टाकीकडं. बाटलीवर बी मेली तर खोट म्होरं. एवढंच. पर नव्या माणसाला वाटायचं, हितं जनावरांचा दवाखाना हाय.

एकदा एक जण खरंच म्हैस घिऊन आला. बाजारचा दिवस, म्हैस फुगलेली, डोळे पांढरे केलेले. दुसरा मिस्त्री असता तर हसला असता. आमचा हसला न्हाय. हात पुसले, म्हशीच्या पोटाला कान लावला आन् मालकाला इचारलं, "लाड काय केले?"

मालक म्हणला, "काय न्हाय बा. काल सून बाळंत झाली, घरात आनंद झाला, म्हून हिला बी पोटभर जोंधळे घातले."

"मंग जा सरकारी दवाखान्यात. त्यो बगा, पल्याडच्या गल्लीत. आन् पुढच्या नातवाच्या टायमाला माणसांनाच घाला."

हे त्याचं पेटंट वाक्य. लाड काय केले? गाडी कुठलीबी असू द्या, मालक कितीबी मोठा असू द्या, बॉनेट उघडायच्या आधी हाच सवाल. मालक सांगायला लागायचा, "मिस्त्री, मला वाटतं नोझल गेलं," की हा कान खाजवत लिंबाकडं बगत बसायचा. "तुमाला काय वाटतं ते घरी सांगा. लाड काय केले ते मला सांगा." त्याचं म्हणणं, गाडी दुर्लक्षानं बिघडत न्हाय. दुर्लक्ष केलं की ती मरत-मरत का हुईना, चालती. बिघडती ती मालकाला माया आली म्हंजे.

मला तर मायेचा रोगच व्हता.

माझं शिक्षण म्हंजे शाळेच्या भिताडावर बसून आतली पोरं मोजली, तेवढंच. पर गाडी घेतली, बारकी डिझेलची, जुनीच, आन् मला वाटाय लागलं की म्या आता कायतरी हाय. सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला माणसं न्यायचो, बेंबळीला सोयऱ्यांकडं सोडायचो. तिची पयली दिवाळी आली. घरात सगळ्यांना तेल-उटणं झालं, म्या बाहेर येऊन बगतो तर गाडी थंडीत उभी. मला लई वाईट वाटलं. कुणीतरी सांगितलं व्हतं की डिझेलमधी गोडं तेल टाकलं की इंजन मऊ चालतं. म्या घाण्यावरचं करडईचं तेल आणलं आन् टाकीत वतलं. नुसतं वतलं न्हाय, वर हळद-कुंकू लावलं. बायको दारातनं बगत व्हती. म्हणली, "मला कवा लावलं न्हाय एवढ्या मायेनं."

भाऊबीजेला बहिणीकडं निघालो तर वेशीच्या बाहेर गाडी खोकली आन् झोपली.

ढकलत लिंबाखाली आणली. मिस्त्रीनं इचारलं, "लाड काय केले?" म्या म्हणलो, "काहीच न्हाय." त्यानं फिल्टर उघडला. आत तूप थिजावं तसा थर. बोटावर घेतला, वास घेतला, माझ्याकडं बगितलं आन् म्हणला, "हुशार, मोहरी-जिरं टाकायचं राहिलं."

त्या दिवसापासनं माझं नाव हुशार. बायको सुद्धा आता त्याच नावानं हाक मारती. एकदा मिस्त्रीला मदत करायला गेलो तर म्हणला, "ह्या नळीतनं वढ, डिझेल आलं की सोड." म्या वढलं. सोडायचं इसरलो. पुढं दिवसभर उचकी आली की डिझेलचा वास आन् बायको मला चुलीजवळ फिरकू देईना. म्हणली, "भडका उडाला तर स्वयंपाक बी जाईल."

मिस्त्रीची आणखी एक तऱ्हा. एका टायमाला एकच पाना बाहेर काढायचा, बाकीचे पेटीत. एक गोष्ट बगायची, तिचा निकाल लागला की मगच दुसरी. मालकानं "आता उघडलंच हाय तर ते बी बगा" म्हणलं की बॉनेट धाडकन खाली आन् हा चहाला. सगळ्यावर कडी म्हंजे त्याला गाडी चालवाय येत नव्हती. उभी हयात गाड्यांच्या पोटात घालवली आन् फिरायचा सायकलवर. लांब जायचं झालं तर एसटी. कुणी म्हणलं, "चला मिस्त्री, सोडतो," तर म्हणायचा, "गाडी बसायची चीज न्हाय, उघडायची चीज हाय. आत बसलो की मला तिचंच ऐकू येतं, गाव कवा आलं कळत न्हाय."

आता सलाईनच्या बाटल्या कुठनं आल्या ते सांगतो. त्याला एकच पोरगी. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नर्स. आई वारल्यावर पोरगी दर सणाला यायची आन् येताना तारीख उलटलेल्या सलाईनच्या बाटल्या आन् नळ्यांचे कोरे सेट घिऊन यायची, बापाच्या उद्योगाला. दुसऱ्यांच्या पोरी बापाला धोतरजोडी आणतात, हिनं नळ्या आणायच्या. मिस्त्री त्या नळ्या उन्हाला धरून बगायचा आन् सगळ्यांना दाखवायचा. "काचंवाणी साफ. डिझेलमधी हवेचा बुडबुडा आला तर बिनचष्म्याचा दिसतो." मग म्हणायचा, "आमच्या घरात दोन डॉक्टर. एक माणसाचा, एक जित्राबाचा." गाडीला जित्राबच म्हणायचा त्यो.

पोरगी दिवसातनं दोनदा फोन करायची. जेवलात का, गोळी घेतली का, उन्हात बसला न्हाईत ना. हा फोन बॉनेटवर ठिऊन काम करायचा. तिकडनं ती बोलायची, हितनं इंजन उत्तर द्यायचं.

मंग ते चक्कर आल्याचं झालं.

म्या गेलो गॅरेजवर सकाळच्या पारी. एक जीप उभी, जीपखालनं मिस्त्रीचे दोन पाय बाहेर. म्या दगडावर बसलो आन् सुरू झालो. बायकोची तक्रार सांगितली, डिझेलचा भाव सांगितला, गावातल्या निवडणुकीचं सांगितलं. मिस्त्री कामात असला की बोलत नसतो, मला सवय. उलट मला वाटलं, आज लई मन लावून ऐकतोय. त्यो जाणकार माणूस, आन् माझं म्हणणं पयल्यांदा कुणी मधी न तोडता ऐकत व्हतं. चहावाला आला, म्हणला, "मिस्त्रीचा पाना हितं बाहेर पडलाय, हातात न्हाय, मंग आत करतोय काय?" तवा आमी पाय धरून वढला. शुद्ध न्हाय, कपाळाला खोक.

वाचला. बीपी का शुगर, कायतरी वरखाली झालतं. पर पोरगी दुसऱ्या दिवशी हजर. तिनं मला इचारलं, "भाऊ, तुम्ही तिथंच होता ना?" म्या म्हणलो, "व्हय ताई, म्या गप्पा मारत व्हतो." तिनं माझ्याकडं असं बगितलं की म्या स्वतःच्या चपला बगितल्या.

तिनं ठरवून टाकलं. आप्पा आता पुण्याला. हितं एकटं ऱ्हायचं न्हाय, उन्हात बसायचं न्हाय, डिझेलला हात लावायचा न्हाय. तिथं लिफ्ट हाय, दवाखाना खाली उतरलं की हाय, टीव्ही हाय. गॅरेजची जागा एक मोबाईलवाला मागत व्हता, त्याला द्यायची. तिचं काय चुकलं? सांगा की. बाप जीपखाली बेशुद्ध पडलेला आन् शेजारी माझ्यासारखा राखणदार.

मिस्त्री एका शब्दानं न्हाय म्हणला न्हाय. ह्येच मला खटकलं. जो माणूस "ते बी बगा" म्हणलं की बॉनेट आदळायचा, त्यो गुमान उठला, पाने पुसून पेटीत ठेवले, लिंबावरच्या बाटल्या उतरवल्या, पत्र्याच्या दाराला कुलूप लावलं आन् चावी पोरीच्या हातात दिली. तिनं पर्समधी टाकली. त्यानं पर्सची चेन लागेपर्यंत बगितलं.

न्यायला माझीच गाडी ठरली. "ओळखीची आहे," पोरगी म्हणली. तिला गाडीची ओळख नव्हती, म्हून म्हणली.

म्या त्या गाडीची जय्यत तयारी केली. टाकी गळ्यापर्यंत भरली. आता टाकीचं झाकण कसं व्हतं ते ऐका, कारण पुढं सगळं त्याच्यावरच हाय. सोनारीला एकदा म्या यात्रेकरूंम्होरं ऐट मारत कॅनमधनं डिझेल वतत व्हतो. झाकण टपावर ठेवलं. सोनारीला माणसांपेक्षा माकडं जास्त. एक माकड आलं, झाकण उचललं, हुंगलं, तोंड वाकडं केलं आन् देवळाच्या शिखरावर जाऊन बसलं. म्या खालनं हात जोडले, केळं दाखवलं. त्यानं झाकण ठिवून घेतलं आन् केळं बी खाल्लं. मंग म्या भंगारातनं दुसऱ्या कुठल्या गाडीचं झाकण आणून बसवलं. ते ढिलं. गाडीत डिझेलचा वास यायचा. म्या मनात म्हणलं, मिस्त्री आजारी, ताई नर्स, वास आला तर काय म्हणतील. आपल्याकडं पाईपलाईन गळाली की काय करतात? ट्यूबची पट्टी. तशीच सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापली आन् झाकणाला, त्याच्या तोंडाला, ताण दिऊन वेढ्यावर वेढे. मुंगीला शिरायला जागा ठेवली न्हाय. स्वतःच्याच पाठीवर हात फिरवला.

निघालो. मिस्त्री म्होरच्या सीटवर गुडघे जुळवून बसला, पयल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयावाणी. मांडीवर कपड्याची पिशवी. पोरगी मागं.  म्या दोन-तीन विनोद केले, ते तसेच माझ्याच मांडीवर पडले.

सोनारीच्या फाट्याच्या अलीकडं गाडीनं दम सोडला. जोर कमी, मग कमी, मग हिसके, मग गप. रस्त्याच्या कडंला लिंब व्हता, तिथवर कशीबशी गेली.

म्या मिस्त्रीकडं बगितलं. वाटलं, आता इचारंल, लाड काय केले. इचारलंच न्हाय. नुसता म्हणला, "बॉनेट उघड."  त्यो सवाल न्हाय म्हंजे माणूसच जागेवर न्हाय. आन् म्या सांगावं तर माझ्या लेखी सांगण्यासारखं काय व्हतंच न्हाय. पट्टी म्हंजे लाड, हे माझ्या डोक्यात कुठनं येणार? ती तर खबरदारी.

त्यानं पिशवीत हात घातला. बंड्या, टॉवेल, औषधाची पुडी, आन् खालनं निघाली सलाईनची बाटली, नळी आन् एक पाना. बाकी पेटी गॅरेजात कुलपात.

पोरगी म्हणली, "आप्पा, आपलं ठरलं होतं ना? हे कशाला घेतलं?"

"पिशवी हलकी लागत व्हती."

मिस्त्रीनं डिझेलचा हातपंप दाबला. दाबलेला आतच बसला, वर येईना. मंग पाईप सोडवून टाकीकडं तोंडानं फुंकला. गेली फुंकर सरळ. पाईप मोकळा. परत जोडलं, गाडी चालू. म्या टाळी वाजवायला हात वर केले तवर बंद. परत फुंकलं, परत चालू, परत बंद. त्याच्या कपाळावर घाम. खोकेची पट्टी भिजली.

"आप्पा, बसा तुम्ही. दुसरी गाडी बोलावू," पोरगी म्हणली.

"थांब. एकच बगतो."

बाटली लिंबाच्या फांदीला टांगली. माझ्याकडच्या कॅनमधनं डिझेल भरलं, बूच लावलं, नळी जोडली. गाडी चालू झाली. आमी तिघं तिच्याकडं बगत उभे. आवाज लई गोड. मिस्त्रीच्या तोंडावर जरा रंग आला. "इंजन चांगलं हाय," म्हणला. आन् तेवढ्यात इंजनानं दोन हिसके दिले आन् बंद.

बाटलीत निम्मं डिझेल तसंच.

मिस्त्री खाली बसला. हातातला पाना मातीत ठेवला. म्या त्याला पाना मातीत ठेवताना कवा बगितलं नव्हतं. हळूच म्हणला, "मला आता कळंना बाई. तू म्हणतीस तेच खरं. चल."

 पोरीनं बाटलीकडं बगितलं. मग पर्स उघडली, पिन काढली, फांदीजवळ गेली, पायाच्या बोटांवर उभी राहिली आन् बाटलीच्या वरच्या अंगाला पिन टोचली. बाटलीत बुड-बुड-बुड आवाज झाला आन् नळीतनं डिझेल पळालं.

"सुई टोचली नाही तुम्ही आप्पा. कडक बाटलीला वरनं हवा दिली नाही तर थेंब तुटतो. मला हे लहानपणी तुम्हीच दाखवलं होतं, डिझेलच्या डब्याला दुसरं भोक पाडून. दवाखान्यात पहिल्या दिवशी सिस्टर शिकवायला लागल्या तेव्हा मला आधीच येत होतं."

मिस्त्री बाटलीकडं बगत ऱ्हायला. म्या गाडी चालू केली. चालली. चालतच ऱ्हायली.

पोरगी नळी बगत व्हती. मग तिची मान हळूहळू मागं वळली, टाकीकडं. "मग हिला?"

"कुणाला?" म्या म्हणलो.

"टाकीला. टाकीत हवा कुठून जाते, भाऊ?"

म्या छाती फुगवून म्हणलो, "जातच न्हाय ताई. पक्का बंदोबस्त केलाय."

मिस्त्रीनं डोळे मिटले. असे मिटले की देवळात मिटतात. त्याचे खांदे हलाय लागले. मला वाटलं परत चक्कर. हसत व्हता. आवाज न करता, पोट धरून, मातीत बसून हसत व्हता. "हुशार," म्हणला, "म्या इचारलंच न्हाय रे तुला. म्या इचारलंच न्हाय."

पोरीनं पट्टी सोडायला घेतली. एक वेढा, दुसरा वेढा. लई घट्ट, तिची नखं दुखली. शेवटी झाकण फिरवलं आन् टाकीनं एवढा मोठा श्वास घेतला, आत वढून, हिरीतनं वर आलेल्या माणसानं घ्यावा तसा. 

पट्टी तिच्या हातात लोंबत व्हती.

"एवढं आवळून कुणी बांधतं का, भाऊ?"

"काळजी वाटली, ताई."

म्या खरं तेच बोललो. ती पट्टीकडं बगत ऱ्हायली, मग बापाकडं. बाप पाना उचलून सदऱ्याला पुसत व्हता. तिनं पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"आप्पा, तुम्हाला यायचंय का पुण्याला?"

"आता इचारतीस?"

"आता विचारते."

त्यो फांदीवरची बाटली उतरवाय लागला. पाठ आमच्याकडं करून म्हणला, "येतो की. तपासणी करू, डॉक्टर म्हणल त्या गोळ्या खाऊ. तुझा फ्लॅट बगू, लिफ्टमधी वर-खाली करू. पर ऱ्हायला न्हाय यायचं मला, बाई. म्या तिथं आतल्या आत बंद पडंन, आन् तुला वाटंल औषध लागू पडंना."

 एक एसटी गेली, आमच्यावर धूळ उडवून. पोरीनं पदरानं डोळे पुसले, धुळीचं निमित्त झालं. मग पर्समधनं चावी काढली.

म्या हात म्होरं केला. म्हणलं, राखणदार म्याच हाय की गावात.

"तुम्हाला नको, भाऊ," ती म्हणली. "तुम्ही ट्यूबमध्ये गुंडाळून ठेवाल." आन् चावी बापाच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. वर दोन अटी घातल्या. सकाळी फोन आला की इंजन बंद करून बोलायचं. आन् जीपखाली गेलं की पाना वाजवत ऱ्हायचा, आवाज थांबला की चहावाल्यानं पाय वढायचे. माझं नाव त्या कामात घेतलं न्हाय.

पुण्याला सुखरूप गेलो, झाकण ढिलं ठेवून. डिझेलचा वास सगळ्या वाटंनं आला. नर्सताईनं खिडकी उघडली, बाकी तक्रार न्हाय.

तपासण्या उरकल्या आन् पोरीचा मला फोन आला, आप्पांना न्यायला या. म्या गाडी धुतली, निघायच्या तयारीत, तवर बाजारतळाच्या बाजूनं मिस्त्री पिशवी घेऊन चालत येताना दिसला. एसटीनं आलता. माझी गाडी येईल तवर कशाला थांबायचं, म्हणला, आन् येईल का न्हाय ते बी बगायला पायजे.

मोबाईलवाला अजून जागा मागतो. लिंबावर बाटल्या परत लटकल्या हायेत, प्रत्येकीच्या डोक्यात एक-एक सुई. पर पुण्याहून आला त्या दिवशी त्यानं आधी कुलूप उघडलं न्हाय. पिशवी माझ्या बॉनेटवर ठेवली, मागं गेला, टाकीचं झाकण फिरवून हुंगलं आन् माझ्याकडं बगितलं.

"बोल हुशार. म्या नव्हतो तवर लाड काय केले?"